नेसायची की शिवलेली?

गेल्या डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नासाठी नऊवारी घ्यायला मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो रंगाचा नव्हता आणि किमतीचाही नव्हता. "ताई, नेसायची दाखवू की शिवलेली?" असे काउंटरपलीकडच्या मुलीने विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता शिवलेल्यांची दांडी पुढे ओढली. तिच्यावर चिठ्ठ्या लावल्या होत्या : ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, लावणी. एका दांडीवर चार बायका शेजारीशेजारी टांगल्या आहेत आणि त्यांतली कोणती आज अंगावर घ्यायची ते आपण ठरवायचे आहे, असे मला क्षणभर वाटले. त्यांतल्या एका चिठ्ठीवर तर सरळ जातच लिहिलेली होती, पण ती मुलगी ते नाव शर्टाचे माप सांगावे इतक्या सहजपणे उच्चारत होती.

मराठीत कपड्यांसाठी एक क्रियापद पुरत नाही. साडी नेसतात, पोलके घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि दागिने लेतात. नेसण्यात दर वेळी कापडाला नव्याने आकार द्यावा लागतो आणि तो आकार आपल्या अंगाचा, आपल्या घाईचा, आपल्या त्या दिवसाच्या कामाचा असतो. घालण्यात आकार आधीच ठरलेला असतो, आपण फक्त त्यात शिरायचे असते. दुकानातल्या त्या साध्या प्रश्नाने मला पंधरा-वीस वर्षे मागे नेले, कारण वयाच्या 19 ते 26 या काळात मी जी काही सोंगे केली, रंगमंचावर आणि त्याहून जास्त रंगमंचाखाली, त्यांचा हिशेब याच दोन क्रियापदांत मांडता येईल असे मला तिथे उभ्याउभ्या जाणवले.

माझी आजी तासगावजवळच्या एका खेड्यात राहत असे आणि जन्मभर तिने इरकली लुगडे नेसले. नऊवारी हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही. तिच्या लेखी ते लुगडे होते, जसे भाकरीला कोणी ज्वारीची पारंपरिक पोळी म्हणत नाही. कासोटा खोचून ती विहिरीच्या पायऱ्या उतरे, माळ्यावर चढे, बैलाच्या दाव्याला हात घाली. तिच्या घरातला आरसा तळहाताएवढा होता, त्यात फार तर कुंकू दिसे. आपण कशा दिसतो हा प्रश्न तिला कधी पडला नसेल असे मी म्हणणार नाही, कारण जत्रेला जाताना ती निऱ्या दोनदा सोडून पुन्हा घाली. परंतु लुगडे नेसून आपण कोण होतो, हा प्रश्न तिला नक्कीच पडला नव्हता. तो आमच्या वाट्याला आला.

मी सांगलीच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना स्नेहसंमेलनात खाडिलकरांच्या 'मानापमान' या संगीत नाटकातला एक प्रवेश करायचे ठरले. सांगलीत नाटक करायला वेगळे कारण लागत नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' इथेच केले आणि त्या पुण्याईवर इथला प्रत्येक दुसरा माणूस स्वतःला अर्धा नट समजतो. त्यातल्या नायिकेच्या, भामिनीच्या भूमिकेसाठी माझी निवड झाली ती केवळ गाता येते म्हणून. बाकी माझ्यात भामिनीचे काही नव्हते. मी खो-खो खेळणारी, उंच, ढांगा टाकत चालणारी मुलगी होते आणि साडी मी तोवर आयुष्यात तीन वेळा नेसले होते, त्याही दुसऱ्या कोणाच्या हाताने.

प्रवेश बसवायला अण्णा आले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि तरुणपणी गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांत स्त्रीपार्टी म्हणून नाव कमावून होते. पहिल्या तालमीला मी विंगेतून आत आले आणि त्यांनी हात वर करून मला थांबवले. "बाळ, तू बाईसारखी चालत नाहीस," ते म्हणाले, आणि लगेच उठून पंचा खांद्यावरून पदरासारखा घेऊन स्वतः चालून दाखवले. पांढरा लेंगा, चष्मा, पिकलेल्या मिश्या असलेला तो माणूस चार पावले चालला आणि आमच्यातल्या कोणालाही हसू आले नाही, कारण त्या चार पावलांपुरती तिथे एक श्रीमंत, मानी, किंचित कंटाळलेली तरुण मुलगी खरोखर चालत होती. पाऊल उचलायचे नाही, सरकवायचे. आधी डोळे वळतात, मग मान, आणि खांदा वळलाच तर सर्वांत शेवटी. पदर नुसता सावरायचा नसतो, सावरता यावा म्हणून आधी तो थोडा ढळू द्यायचा असतो. हे सगळे मी दीड महिना शिकले. अंगात मुरेपर्यंत शिकले, इतके की वर्गात फळ्याकडे जातानाही माझे पाऊल सरकू लागले.

पुरुषाकडून बाईसारखे चालायला शिकण्यात काही विचित्र आहे, असे मला तेव्हा वाटले नाही. पुढे बालगंधर्वांविषयी वाचू लागले तेव्हा त्याचा अर्थ कळत गेला. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व (1888–1967) यांनी 12 मार्च 1911 रोजी 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगात भामिनी केली. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली होती आणि तरीही त्यांनी प्रयोग केला. ही हकिगत अण्णा आम्हाला दर तालमीत ऐकवत, विशेषतः कोणी गंगावनाच्या पिना टोचतात म्हणून कुरकुर केली की हमखास. मला मात्र त्या काळची दुसरी एक गोष्ट जास्त अस्वस्थ करते. बालगंधर्व जशी साडी नेसत, जसा अंबाडा घालत, जसा गजरा माळत, तसे करायला चांगल्या घरच्या बायका शिकत होत्या. म्हणजे पुरुषाने बायकांना पाहून एक बाई घडवली, ती रंगमंचावर इतकी देखणी ठरली की खऱ्या बायका तिच्याकडे पाहून स्वतःला घडवू लागल्या, आणि त्या घडवलेल्या चालीची एक शिल्लक प्रत जत्रेतल्या नाटकांमार्गे अण्णांकडे आणि अण्णांकडून माझ्याकडे आली. माझ्या आजीची चाल मात्र या साखळीत कुठेच नव्हती. ती विहिरीवरच राहिली.

1933 साली 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आले, तेव्हा त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. त्याआधी काही मंडळ्यांतून बायका काम करीत होत्याच, तरी या नाटकाने ती गोष्ट प्रतिष्ठितांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवली. त्यात काम करणाऱ्या ज्योत्स्ना भोळे मूळच्या गोव्याच्या आणि त्या वेळी 19 वर्षांच्या होत्या. हे वय वाचले की मी अडखळते. माझ्या वयाच्या त्या मुलीने बाई म्हणून चालायचे कसे हे कोणाकडे पाहून ठरवले असेल? तिच्यासमोर बालगंधर्वांची चाल होती, आणि ती चाल बाजूला ठेवून साधे, घरातल्यासारखे चालणे हेच बहुधा सर्वांत अवघड सोंग असावे.

भामिनीकडे परत येते, कारण त्या भूमिकेत एक गंमत दडलेली आहे. श्रीमंत बापाची ही मुलगी शूर पण निर्धन धैर्यधराला नाकारते आणि दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर तिला बरा वाटतो. पुढे तीच वनमाला नावाच्या गरीब मुलीचा वेश घेऊन धैर्यधराच्या छावणीत जाते. आपल्याकडे म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. खाडिलकरांनी ती म्हण उलटी करून पाहिली आहे : पैशाचे सोंग येत नसेल, पण गरिबीचे येते. साधी साडी नेसली, दागिने उतरवले की झाले. तालमीत मी हे हसत स्वीकारले. मात्र वनमालेची साडी म्हणून अण्णांनी कपडेपटातून जे काढले ते पाहून मी गप्प झाले, कारण ते आजीचे होते तसलेच हिरवे इरकली लुगडे होते. भामिनीसाठी जरीचा शालू आणि भामिनीचा वेषांतराचा पोशाख म्हणून माझ्या आजीचे रोजचे कापड. ते नेसून मी धैर्यधरासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच माझे पाऊल सरकेना. कासोट्यामुळे दोन पायांत अंतर पडते, मांड्या मोकळ्या होतात, आणि अंग आपोआप ढांग टाकते. अण्णा ओरडले, "अगं, ती गरीब झाली आहे, गडी नाही झाली!" मी पाऊल आवरले. प्रयोगात टाळ्या पडल्या. आजी पहिल्या रांगेत होती. घरी जाताना ती एवढेच म्हणाली की लुगडे चांगले होते, पण तू त्यात पाय बांधल्यासारखी चालत होतीस.

भामिनीला वनमाला होता आले, कारण तिला परत भामिनी होता येणार होते. दागिने पेटीत सुरक्षित होते. ज्या वेशातून मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येते तो वेश गमतीचा असतो. मला त्या वयात असे वाटत होते की वेगवेगळे वेश घालून पाहिले, की त्यांतला एखादा असा बसेल की आपण म्हणू, ही मी. चपलांच्या दुकानात जोड घालून पाहावेत तसे. माझ्या बरोबरीच्या बहुतेक मुली त्याच समजुतीत होत्या. कोणी खादीचा कुर्ता आणि झोळी घेऊन विचारवंत झाली होती, कोणी बॉयकट करून आली होती, आणि एक वर्गमैत्रीण तर तीन महिने केवळ काळेच कपडे घालत होती. आम्ही एकमेकींच्या वेशांवर विश्वास ठेवत होतो, हा आमच्यातला मोठेपणा म्हणायचा.

पुढच्या वर्षी एकांकिका स्पर्धेसाठी मुलगे कमी पडले म्हणून मी हवालदार झाले. भाड्याने आणलेला खाकी गणवेश, स्पिरिट गमने चिकटवलेली मिशी, पट्टा. या भूमिकेची तालीम कोणी घेतली नाही, गणवेशानेच घेतली. विजारीला खरे, खोल खिसे होते आणि हातांना काय करायचे हा प्रश्न त्या दिवसापुरता सुटला. पंजाबी ड्रेसला खिसा नसतो, म्हणून बायकांचे हात सतत काहीतरी धरत असतात, पर्स, ओढणी, वही, स्वतःचाच दुसरा हात. प्रयोगानंतर मिशी काढून, पण गणवेश तसाच ठेवून, मी मैत्रिणींसोबत टपरीवर गेले. चहावाल्याने सर्वांत आधी माझा ग्लास भरला आणि पैसे देऊ लागले तर "राहू द्या मॅडम" म्हणाला. मी पैसे दिले, परंतु ते देताना जी एक ऐट अंगात आली होती ती मला आजही आठवते, आणि तिची थोडी लाजही वाटते. असे गणवेशात रस्त्यावर हिंडायचे नसते म्हणून सरांनी दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर खडसावले, तेही योग्यच होते.

आता त्या प्रसंगाविषयी लिहायला हवे, ज्याच्यासाठी खरे तर हे सगळे लिहायला घेतले. मी पंचवीस वर्षांची असताना आमच्या घरी माझा बघण्याचा कार्यक्रम झाला. मावशी सकाळपासून येऊन बसली होती. तिने मला मोतिया रंगाची, फार भारी नाही आणि फार साधी नाही अशी साडी नेसवली, कानात मोत्याच्या कुड्या घातल्या, आणि "नख रंगवलेले नको, पण हात बरे दिसू देत" अशी बारीक सूचना केली. कोणत्या नाटकाच्या वेशभूषाकाराने इतका विचार केला नसेल. पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ते दार म्हणजे विंगच होती. बाहेर बोलणे चालू होते, माझ्या प्रवेशाचा सूचक शब्द "अगं, आण गं" हा होता, आणि तो येताच माझे पाऊल आपोआप सरकले. आधी डोळे, मग मान. पदर थोडा ढळला आणि मी तो सावरला. मी हे ठरवून केले नव्हते. सहा वर्षांनी भामिनी माझ्या अंगातून बाहेर आली आणि तिने समोरच्या चार माणसांना पोहे दिले.

त्यांच्याकडून दोन दिवसांत होकार आला. "मुलगी फार शालीन आहे, हल्ली अशी चाल बघायला मिळत नाही," असे त्या मुलाच्या आईने मावशीला फोनवर सांगितले. मी आईला म्हटले, "अगं, ती चाल माझी नाहीच. ती अण्णांची आहे, आणि त्यांचीही नाही." आईला वाटले मी थट्टा करते आहे. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. रंगमंचावर सोंग घेतले की ते संपल्यावर पडदा पडतो, नंतर रंगपटात खोबरेल तेलाने रंग पुसतात, आणि मग चहा येतो. इथे पडदा पडणार नव्हता. जी मुलगी त्यांनी पसंत केली होती तिला त्या घरात रोज सकाळी उठून तसेच चालावे लागले असते. मुलगा भला होता, त्याचा काही दोष नव्हता, आणि तोही त्या दिवशी बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून निळा फॉर्मल शर्ट घालून, मोजके बोलणारा, स्थिरस्थावर तरुण झाला होता. नकार आम्हीच कळवला. पत्रिका जुळत नाही असे कारण सांगितले. म्हणजे ते शेवटचे सोंग आईवडिलांनी माझ्यासाठी केले.

त्याच सुमारास नोकरीनिमित्त मी डोंबिवलीत राहू लागले आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मैत्रिणींसोबत बुलेटवर बसले, नऊवारी, फेटा, काळा गॉगल, नथ. या दृश्याची पुष्कळ टिंगल होते. एका बाजूचे म्हणतात की हा परंपरेचा बाजार आहे, दुसऱ्या बाजूचे म्हणतात की वर्षातून एक दिवस बुलेटवर बसवून बायकांना मोठेपणा दिल्यासारखे करायचे. मला दोन्ही म्हणणी पटतात आणि तरी ती सकाळ मला मोडीत काढवत नाही. मी मागे बसले होते, गाडी चालवणारी माझी मैत्रीण एरवी लोकलच्या महिलांच्या डब्यात चौथ्या सीटसाठी झगडणारी मुलगी होती, आणि त्या दिवशी तिला फडके रोड पूर्ण मोकळा करून दिला गेला होता. पुढच्या सोमवारी तिने मोटारसायकलच्या परवान्यासाठी अर्ज केला. हो, त्या दिवशी तिच्याकडे तो नव्हता.

वेशातून बाहेर पडता न येण्याविषयी विचार करताना मला हटकून आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली अठराव्या वर्षी त्या वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या शब्दात जेवण आले तसे वस्त्रही आले. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारीतून पोटऱ्या उघड्या राहतात, हे त्या सभेतल्या कोणाच्या गावीही नसेल. अखेर त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. वचन मोडले नाही, कापडही बदलले नाही, फक्त नेसण्याची रीत बदलली. या लहानशा तडजोडीत मला त्यांची सगळी बुद्धी दिसते. 1885च्या ऑक्टोबरातले त्यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे, ज्यात त्यांच्यासोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. तिघीही एका देशाचे पात्र म्हणून तिथे बसल्या आहेत असे ते छायाचित्र पाहताना वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तिघी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या असतील, तेव्हाचे छायाचित्र मला पाहायला आवडले असते. आनंदीबाई 1886 साली पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, गेल्या. आपल्याला कोणत्या वेशात राहायचे आहे हे स्वतःशी ठरवायला त्यांना वेळच मिळाला नाही.

तर दुकानात मी त्या मुलीला म्हटले, "नेसायची द्या." तिने शिवलेल्यांची दांडी थोडी नाराजीनेच मागे ढकलली. आजी जाऊन नऊ वर्षे झाली आहेत आणि घरात कोणालाही नऊवारी नेसता येत नाही, ही अडचण मला पैसे दिल्यावर आठवली. मामी म्हणाली, "आम्ही पहिल्यापासून सहावारीवाल्या, आम्हाला कुठली येते!" मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा कासोटा कमरेऐवजी गुडघ्याशी आला.

शेवटी लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या मुदपाकखान्यात पोळ्या लाटणाऱ्या एका मावशींनी मला पाहिले. त्या स्वतः लुगड्यात होत्या. त्यांनी हात धुतले, मला गॅस सिलिंडरांच्या मागे नेले आणि पाच मिनिटांत नेसवून मोकळ्या झाल्या. "तयार मिळतंय की आता, कशाला जीवाला त्रास?" असे त्या म्हणाल्या, आणि मग, "चालून दाखव." मी चालले. जमिनीवर पाऊल पूर्ण उचलून, ढांग टाकून चालले, आणि दोन सिलिंडरांमधल्या त्या अरुंद बोळात ते चांगलेच अंगावर आले, कारण माझा गुडघा एका पातेल्यावर आपटला. त्या हसल्या.

दुसऱ्या पंगतीच्या वेळी निऱ्या सुटल्या. मी परत मुदपाकखान्यात गेले, तेव्हा मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. "मला शिवता यायचं नाही आता. मी सांगते, तू खोच," त्या म्हणाल्या आणि लाटणे न थांबवता सांगू लागल्या : मधला भाग धर, तो नव्हे, खालचा, हां, आता मागे ने, घट्ट. पहिल्यांदा तो सैल बसला. दुसऱ्यांदा त्यांनी मान हलवली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.